ओमरची चुंबळ

मी एक जुना ओमर आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. ओमर हे इथे कुणा गृहस्थाचे नाव नाही, ते एका मापाचे नाव आहे. हजारो वर्षांपूर्वी हिब्रू बोलणारे लोक धान्य मोजायला जी मापे वापरत, त्यांतले हे एक. मी अर्थातच त्या काळचा नाही. माझे वय पन्नाशीच्या आसपास आहे. मी त्या मापाची तांब्यात घडवलेली नक्कल. तांब्याचा आहे, पण तांब्या नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरी येणारे निम्मे पाहुणे मला तांब्या समजून पाणी मागत.

दिसायला मी साधाच आहे. वीतभराहूनही बुटका, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे, ना कान ना दांडा. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. एरवी याचे मला काही वाटले नसते. भांड्याने भरावे आणि रिकामे व्हावे, बोलण्याच्या भानगडीत पडू नये, असाच माझा समज होता. पण माझ्यामुळे एका माणसाचा खरा शब्द खोटा ठरला आहे. तो खरा होता हे मला एकट्याला माहीत आहे. म्हणून आज तुमच्यापुढे हे सगळे ओततो आहे.

मला घडवून घेतले मास्तरांनी. ते एका छोट्या विद्यालयात हिब्रू शिकवत. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत त्यांचा वर्ग भरे. जुना ग्रंथ वाचताना मुले भाषेला अडत नसत, मापांना अडत. वाळवंटातून चाललेल्या लोकांना रोज माणशी एक ओमर अन्न मिळे, असे त्या ग्रंथात येते. तिथे आले की कुणीतरी हमखास विचारी, एक ओमर म्हणजे किती? मास्तर सांगत, एफाचा दहावा भाग. मग एफा म्हणजे किती? तर दहा ओमर. वर्ग हसे आणि मास्तर कानापर्यंत लाल होत.

अडचण अशी होती की, त्या मापांची आपसांतली नाती पक्की लिहिलेली आहेत, पण आजच्या मापांशी त्यांचे नाते कुणी लिहून ठेवलेले नाही. ठेवणार तरी कसे? लिटर तेव्हा जन्माला यायचा होता. जमिनीतून निघालेल्या फुटक्या रांजणांवरून काही विद्वान सांगतात की एफा बावीस लिटरचा असावा. दुसरे काही जण जुने लेख पुढे करून त्याला चाळीसच्या घरात नेतात. विद्वानांचे काही जमेना, तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात शिरले.

झाले असे की, जुन्या जाणत्यांनी एक बारीकसा दुवा मागे ठेवला आहे. सहा अंडी जेवढी जागा व्यापतात तेवढा एक लोग. लोग म्हणजे आमच्या घराण्यातले धाकटे माप. सात लोग आणि वर थोडे, की झाला एक ओमर. आणि अंडी तर आजही मिळतात. मास्तर पातेले काठोकाठ भरत, त्यात सहा अंडी अलगद सोडत आणि सांडलेले पाणी काचेच्या मोजपात्रात धरत. हा उद्योग वर्षभर चालला, कारण उन्हाळ्यातली अंडी लहान निघत आणि थंडीतली मोठी. मास्तरीणबाई शेजारणीला म्हणत, "लोकांच्या घरी अंडी खातात. आमच्याकडं आधी त्यांची आंघोळ होते." गणिताने एका ओमरला त्रेचाळीस अंडी आणि वर एक पंचमांश अंडे लागत होते. तेवढे एक पंचमांश घालायला कोंबडीला सांगून ठेवू का, असे त्यांनी नवऱ्याला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले होते.

वर्षाच्या शेवटी एका अंड्यामागे सरासरी एक्कावन्न मिलिलिटर निघाले. त्यावरून ओमर आला दोन पूर्णांक दोन दशांश लिटर, म्हणजे एफा बावीस. रांजणांवरून निघालेला आकडा आणि कोंबड्यांनी दिलेला आकडा एकमेकांना येऊन भेटले. मास्तरांना त्या दिवशी आनंदाने जेवण गेले नाही. पुढे आयुष्यभर ते नुसते "दोन पूर्णांक दोन" म्हणत, आणि घरातल्या सगळ्यांना कळे की ते माझ्याबद्दल बोलत आहेत.

आकडा सापडला, पण आकडा मुलांच्या हातात देता येत नाही. म्हणून मास्तर तांबटाकडे गेले. तांबट बोलायला फटकळ, पण हाताचा सच्चा. मिलिलिटरची भाषा ऐकून तो म्हणाला की एवढे काटेकोर हवे असेल तर दवाखान्यात जा. मास्तर दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, तेव्हा कुठे त्याने पत्रा हातात घेतला. त्याने मला ठोकले, मठारले, काठ वळवला, आणि पाणी भरून पाहिले तर शंभर मिलिलिटर कमी. मास्तरांना ते चालेना. मग तांबटाने आतून माझ्या बुडावर ठोके घालायला सुरुवात केली. तांबे ताणत गेले, बूड बाहेर फुगत गेले, आणि चौथ्या खेपेला पाणी बरोबर दोन पूर्णांक दोनवर काठाला टेकले. तेव्हा तांबट जे म्हणाला ते जसेच्या तसे सांगतो, कारण माझे पुढचे सगळे आयुष्य त्यावर फिरले.

"बूड पातळ झालंय, जपा. आणि हा आता सरळ बसायचा नाही, डगमगणार. खाली चुंबळ ठेवत जा."

चुंबळ म्हणजे कापडाला पीळ देऊन केलेले कडे. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात, तेच. मास्तरीणबाईंनी एका जुन्या निळ्या चादरीची पट्टी फाडली, तिला घट्ट पीळ दिला, गोल वळवून टाके घातले आणि माझी चुंबळ केली. तिच्यावर बसलो म्हणजे मी स्थिर असे. ती काढली की काठाला नुसते बोट लागले तरी डुलायला लागे. मला त्याची फार लाज वाटायची. घरातली बाकीची भांडी कशी आपल्या पायावर घट्ट उभी, आणि आपण मात्र नुकत्याच चालायला लागलेल्या मुलासारखे. तेव्हा मला कळत नव्हते की मी डुलत होतो तोवरच मी खरा होतो.

माझी कामाची वर्षे मोठ्या सुखात गेली. मास्तर मला कापडी पिशवीत घालून, एक हात बुडाखाली धरून वर्गात नेत. टेबलावर आधी चुंबळ, मग मी. एक विद्यार्थी पुढे येऊन माझ्यात बारीक रेती भरी आणि पट्टीने काठाबरोबर सपाट करी. "एवढं, एका माणसाला, एका दिवसाचं," मास्तर म्हणत. कुणी म्हणे भरपूर आहे, कुणी म्हणे आमच्या घरी एवढ्यात चौघे जेवतील. एकाने उत्तरपत्रिकेत ओमरच्या ऐवजी होमर लिहिले होते. उच्चाराला एवढेसे अंतर, पण होमर म्हणजे शंभर ओमर. म्हणजे त्याने त्या बिचाऱ्या माणसाला एका दिवसात दोनशे वीस लिटर जेवू घातले. मास्तरांनी समासात शेरा मारला होता, 'पोट फुटेल.'

एकदा एका विद्यार्थिनीने मास्तरांची वही चाळून शंका काढली. वहीत एका पानावर दोन पूर्णांक सोळा शतांश होते, दुसऱ्यावर चोवीस शतांश. उन्हाळ्याची अंडी, थंडीची अंडी, मधे भरपूर खाडाखोड. यातले खरे कुठले धरायचे? मास्तरांनी माझ्या काठावर हात ठेवला.

"कागदाचं आणि भांड्याचं पटलं नाही तर भांड्याचं ऐकायचं," ते म्हणाले. "लिहिताना हात चुकतो."

केवढा मान दिला त्यांनी मला! मी अभिमानाने फुगलो, म्हणजे आधी होतो त्याहून जास्त. मास्तरांची सात-आठ वर्षांची लेक त्या दिवशी शाळेला सुटी म्हणून वर्गात आली होती आणि मागच्या बाकावर चित्र काढत होती. तिनेही ते ऐकले.

त्याच वर्षी हिब्रूचा वर्ग बंद झाला. विद्यार्थी दोनच उरले होते, आणि त्यातला एक झोपायचा. मास्तरांना भूगोल शिकवायला दिला. मी घरी आलो आणि पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या खालच्या फळीवर, माझ्या निळ्या चुंबळीवर जाऊन बसलो.

एका दुपारी लेक घरात एकटीच होती. तिचा रंगांचा डबा आईने कपाटावर ठेवला होता, पाढे पाठ होईपर्यंत मिळणार नाही म्हणून. लेकीने टाचा उंचावून पाहिले, हात पुरेना. मग तिने मला उचलले, जमिनीवर उपडे घातले आणि माझ्या बुडावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली. टप्प असा आवाज झाला. बाहेर फुगलेले माझे पातळ बूड एकदम आत गेले. दुखले म्हणावे तर तसे नाही. श्वास आत घ्यावा आणि तो बाहेर सोडताच येऊ नये, तसे काहीसे झाले. तिला वाटले फरशी वाजली. तिने डबा काढला, मला पुन्हा चुंबळीवर ठेवले आणि रंगवत बसली. तिचा काय दोष? लहान पोर ती. ती संध्याकाळपर्यंत विसरूनही गेली.

माझा पोचा कुणाच्या लक्षात आला नाही. आत डोकावले तर बूड जरासे वर आलेले दिसे, इतकेच, आणि तेही गुळगुळीत, मुळातच तसे घडवल्यासारखे. काही दिवसांनी फळी पुसताना मास्तरीणबाईंनी चुंबळ काढली आणि मला तसाच टेकवला, तर मी दगडासारखा बसलो. "शिकला एकदाचा बसायला," त्या म्हणाल्या, आणि चुंबळ गरम पातेल्याखाली घालायला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे ती काळी झाली, एका बाजूने जळली, आणि एक दिवस कचऱ्यात गेली. बाई, मी शिकलो नाही हो, मी बिघडलो, असे मला ओरडून सांगायचे होते. माझ्यात आता जेमतेम दोन लिटर मावत होते आणि मोजायला कुणी येत नव्हते. मास्तरांना मोजायची गरजच नव्हती, आकडा त्यांच्या ओठांवर होता.

त्यानंतर चाळीस वर्षे गेली. मी काळा पडलो. माझ्यात रबरबँड साठले, सुकलेली पेने साठली, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नव्हते अशा किल्ल्या साठल्या. मास्तर येता-जाता, न बघताच, माझ्या काठावर टिचकी मारत, तेवढीच आमची बोलचाल. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांचे काही जुने स्नेही मिळून त्या ग्रंथाचे नवे भाषांतर करू लागले. त्यात शेवटी छापायचे जुन्या मापांचे कोष्टक मास्तरांच्या वाट्याला आले. कुठले माप म्हणजे आजचे किती लिटर, एवढे एकच पान. पण त्या पानावर त्यांचे नाव येणार होते.

मग मास्तरीणबाई गेल्या. त्यांच्यामागे मास्तरांची आठवण गळायला लागली. चष्मा फ्रीजमध्ये सापडे. पायातली चप्पल ते घरभर शोधत. लेकीला कधी बहीण समजत, कधी विद्यार्थिनी. एक आकडा मात्र टिकून राहिला. सकाळी उठले की कुणी विचारो न विचारो, ते म्हणत, "ओमर दोन पूर्णांक दोन." डॉक्टरांनी आज कुठला वार म्हणून विचारले, तरी उत्तर तेच. दवाखान्यात लेक हसली, आणि घरी आल्यावर मोरीत नळ सोडून रडली.

भाषांतर छापायला निघाले तेव्हा संपादक घरी आले. त्यांना सगळे 'कानामात्रा' म्हणत, कारण एक काना किंवा मात्रा इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. माणूस भला होता. मास्तरांच्या हस्तलिखितात ओमरचे तीन ठिकाणी तीन आकडे होते, आणि त्यांना एकच हवा होता. ते लेकीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले की पान मास्तरांच्या नावाने छापायचे तर ते पक्के हवे. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नव्हते तरी यांनी छापले. नसेल जमत तर दुसऱ्या कुणाचे कोष्टक घेऊ, राग मानू नका. लेकीच्या ते फार जिव्हारी लागले. बाबांना आपले नाव वाचता येते आहे तोवर ते छापलेले त्यांच्या हातात पडावे, एवढीच तिची इच्छा होती.

लेक रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. थेंब मोजण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तीन कागदांवर तीन आकडे पाहून तिला मागच्या बाकावरून ऐकलेले वडिलांचे वाक्य आठवले, आणि ती माझ्याकडे आली. किल्ल्या, पेने, रबरबँड सगळे ओतून टाकले. लिंबू आणि मीठ लावून मला घासले. किती वर्षांनी कुणाचा हात अंगावरून फिरला होता. मी मनात म्हणत होतो, आत हात घाल, बूड चाचपून बघ. तिने हात घातलासुद्धा. तळव्याला उंचवटा लागला. तिने मला उलटा करून पाहिले आणि संपादकांना म्हणाली की बूड आत घेतलेले आहे. ते म्हणाले, घेतातच, भांडे डगमगू नये म्हणून. बाटल्यांचे नसते का तसे? दोघेही शहाण्यासारखे बोलत होते, आणि मला ते ऐकून घ्यावे लागत होते.

तिने प्रयोगशाळेतले मोजपात्र आणले होते. तीनदा पाणी मोजले. दोन लिटर. दोन लिटर आणि तीन मिलिलिटर. पुन्हा दोन लिटर. तिचे मोजणे अचूक होते, चूक माझ्या पोटात होती.

संपादक खूश झाले. ओमर दोन, एफा वीस, होमर दोनशे, मुलांना लक्षात ठेवायलाही सोपे, असे म्हणत त्यांनी पेन काढले. माझ्या एका पोच्याने आमच्या अख्ख्या घराण्याची पोटे आत गेली.

मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांचे इकडे लक्ष नाही असे सगळ्यांना वाटत होते. ते उठून टेबलापाशी आले.

"दोन पूर्णांक दोन," ते म्हणाले.

लेकीने त्यांना खुर्ची दिली आणि लहान मुलाला सांगावे तसे समजावून सांगितले. या वेळी मोजपात्रात दोन पूर्णांक दोन लिटर पाणी घेऊन त्यातले माझ्यात काठोकाठ ओतून दाखवले. मास्तरांनी मोजपात्र पाहिले, मला पाहिले, मग मोजपात्रात उरलेल्या दोनशे मिलिलिटर पाण्याकडे बोट केले.

"म्हणजे रोज माणशी एक पेला कमी? उपाशी राहतील की ते."

संपादकांनी प्रेमानेच सांगितले की ते लोक तीन हजार वर्षांपूर्वी जेवून गेले, आता कुणाचे काही अडत नाही. मास्तर हसले नाहीत. ते माझ्याभोवती काहीतरी शोधायला लागले. टेबलावर पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिले, सदऱ्याचा खिसा चाचपला.

"चुंबळ कुठाय?"

"कसली चुंबळ, बाबा?"

"ओमरची. ओमरची चुंबळ कुठं ठेवलीस?"

लेकीने संपादकांकडे पाहिले. लहानपणी ती चुंबळ तिने रोज पाहिली होती, पण दारातले पायपुसणे पाहावे तशी. तिला वाटले, बाबांना त्यांची आई आठवत असावी, डोक्यावर पाणी वाहणारी. ती आत गेली, एका टॉवेलला पीळ देऊन त्याचे कडे केले आणि मायेने त्यांच्या मानेमागे ठेवले. बरे वाटते का, म्हणून विचारले. मास्तरांनी ते काढून माझ्या शेजारी टेबलावर ठेवले. मित्रांनो, माझ्यात आणि त्या कड्यात तेव्हा वीतभराचेसुद्धा अंतर नव्हते.

"तो डगमगतो," मास्तर म्हणाले. "चुंबळ नसली की डगमगतो. हे बघ."

आणि त्यांनी बोटाने माझ्या काठाला धक्का दिला.

मी हललो नाही. आयुष्यात मी कशासाठी इतका तळमळलो नसेन. केसभर जरी डुललो असतो, तरी लेकीने विचारले असते की बूड आत घेतलेले भांडे डुलेल कसे, आणि विचारले असते तर तिला सगळे उमगले असते, इतकी ती हुशार आहे. पण तांबे आपल्या मनाने हलत नाही. मास्तरांनी पुन्हा ढकलले, जरा जोराने. मी टेबलावर करकर वाजत पुढे सरकलो आणि तसाच घट्ट बसून राहिलो. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन बोटे लावली. माझ्यातले पाणी हिंदकळले, मी नाही.

मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिले. लेकीने तो हात आपल्या हातात घेतला.

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना? भांड्याचं ऐकायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर मला बरे वाटले असते. ते पाहत होते एखाद्या जुन्या मित्राने चारचौघांत ओळख नाकारल्यावर पाहावे तसे. मग ते खाली बसले.

"असेल," ते म्हणाले. "माझंच चुकत असेल."

ग्रंथ छापून आला. शेवटच्या पानावर कोष्टक आणि त्याखाली मास्तरांचे पूर्ण नाव. लेकीने त्यांचे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवले. त्यांनी नाव बरोबर वाचले. मग त्यांचे बोट आपणहून वर गेले, माझ्या ओळीवर थांबले. "दोन," त्यांनी वाचले. "असेल."

तेव्हापासून ते कशालाच नाही म्हणत नाहीत. आधी ते किती भांडायचे! वारावरून, चष्म्यावरून, दिवा कुणी घालवला यावरून. आता मंगळवार म्हटले तर असेल, बुधवार म्हटले तरी असेल. आई जाऊन नऊ वर्षे झाली, बाबा. असेल. सकाळचा आकडाही त्यांनी म्हणायचा सोडला. डॉक्टर म्हणाले, छान, शांत झालेत. लेकीलाही आधी तसेच वाटले. तिला रात्रीची झोप मिळायला लागली.

गेल्या आठवड्यात ती त्यांना चमच्याने भरवत होती. भरवता भरवता तिने सहज विचारले, "बाबा, मी कोण?" पूर्वी ते चुकीचे का होईना, पण ठासून सांगत. बहीण आहेस, दुसरी कोण. या वेळी त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि परक्या माणसाशी बोलावे तसे, फार अदबीने म्हणाले,

"तुम्ही सांगाल ती."

लेकीने चमचा खाली ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून ठेवा, एवढे सांगून मला थांबता येत नाही. मी आता लखलखीत आहे. मला दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मानाची जागा दिली आहे, शेजारी ग्रंथाची प्रत आहे. पाहुणे वाकून बघतात आणि हात न लावता जातात. त्याचा मला काय उपयोग? तुमच्या घरातले म्हातारे माणूस एखाद्या फुटकळ गोष्टीसाठी हटून बसले, तर त्याची समजूत घालायला धावू नका. आधी ती गोष्ट उलटीसुलटी करून बघा.

आणि माझे एवढे काम करा. या घरी कधी आलात तर मला कपाटातून बाहेर काढा. आत मूठ घालून बुडावर एकच ठोसा द्या. तांबे अजून पातळ आहे, बूड बाहेर जाईल. छापलेला आकडा बदला असे मी म्हणत नाही, तो राहू द्या. फक्त मला नेऊन मास्तरांपुढे ठेवा, खाली काहीही न घालता, आणि त्यांचे बोट माझ्या काठाला लागू द्या. ते अजून खिडकीशीच बसतात. जरा लवकर या.